बायोडाटा, सुधारित प्रत

आयटीआय सिग्नलहून आत वळलं की
पंक्चरवाल्याला लागून माझं दुकान.
झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन.
एक पान दोन रुपये, पाठपोट तीन.
नऊ वर्षं झाली.
सातपुरात कामाला लागायला निघालेला जवळजवळ प्रत्येक कागद
एकदा माझ्या काचेवर पालथा पडून गेलाय.

झाकणाखालून हिरवा उजेड सरकतो,
एक्क्याण्णव टक्क्यांवरून जितका वेळ
तितकाच बावन्नवरून.
यंत्राला वाचता येत नाही. मला येतं,
म्हणून कधी कधी मी
समोरच्या पोह्यांच्या गाडीकडे बघत बसते.

वडील नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये होते.
नववी नापास.
दिवसभर शंभराच्या नोटांचे तक्ते मोजायचे,
संध्याकाळी गेटवर झडती देऊन
मोकळ्या हातांनी घरी यायचे,
आणि तरी एक तारखेला आमच्याकडे श्रीखंड असायचं.
म्हणायचे, न शिकता एवढं झालं, तू तर शीक, मग बघ.
मी शिकले. एम.कॉम., पहिला वर्ग.
बघायला ते राहिले नाहीत.
ते बरं झालं की वाईट, हा हिशेब मात्र
एम.कॉम.ला नव्हता.

काल वाल्मीक गांगुर्डे आला.
पेठकडचा. बी.एस्सी.पासूनचं गिऱ्हाईक.
मग एम.एस्सी., रसायनशास्त्र.
मग तलाठी, वनरक्षक, पुन्हा तलाठी,
दर अर्जाला हजाराच्या आसपास शुल्क
आणि दर फोटोत कपाळ थोडं मोठं.
गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत त्याची खुर्ची ठरलेली,
पंख्याखालची नव्हे, तिचे पैसे जास्त.

"ताई, बायोडाटा नवा करा. एम.एस्सी. काढा."
मी वर पाहिलं.
"बी.एस्सी.पण काढा. अंबडला हेल्पर घेतायत.
जास्त शिकलेला टिकत नाही म्हणे."

मी काढायला लागले.
खोडायची कळ दाबून धरली की अक्षरं मागे मागे पळतात,
आधी विद्यापीठ गेलं,
मग श्रेणी,
मग ते वर्ष, ज्या वर्षी त्याने
पेढ्याचा पुडा इथे, या स्टेपलरशेजारी ठेवला होता.
आठ वर्षं शिकायला, आठ सेकंद लागले.

"मग बारावीनंतरचं काय लिहू? एवढी जागा मोकळी दिसते."
तो जरा थांबला.
"घरी होतो, लिहा.
नाहीतर आजारी होतो लिहा. आजारी बरं दिसतं."

बोरस्त्यांची तेजल पण इथलीच.
हाच विषय, याच्याहून दोन टक्के कमी.
ती आता पुण्यात औषधांच्या कंपनीत आहे, कायम.
आईला तिने गुडघा बदलून दिला.
तीही रात्र रात्र जागली होती, फुकट नाही मिळालं काही.
लोक तिच्याकडे बोट दाखवून मुलांना अभ्यासाला बसवतात
आणि खोटं बोलत नाहीत.
फक्त वाल्मीककडे कुणी बोट दाखवत नाही.
दोघांचे कागद एकाच काचेवरून गेले,
त्याचेही गरमच बाहेर आले होते.

मी "शेतीकाम" लिहिलं.
आजारी लिहायला माझा हात झाला नाही.
त्याने वाचलं, मान हलवली,
"भाताला गेलोय की मी, खोटं नाही,"
आणि पाच प्रती मागितल्या.
दहा रुपये झाले. मी नको म्हटलं,
त्याने नाणं काउंटरवर ठेवलंच,
काडकन आवाज करून.

बंद करताना पडद्याने विचारलं,
जुन्या फाईलवरच साठवायचं का?
वर पंखा फिरत होता, पोहेवाला गाडी धूत होता.
मी नाही वर टिचकी मारली.
आता दोन आहेत:
वाल्मीक,
आणि वाल्मीक नवा.
जुनी फाईल अडीचशे केबीची आहे.
जागा काही फार खात नाही.